पुरावा वितळून जातो तेव्हा

घरातले दिवे अचानक गेले, की काय होते ते आठवून पाहा. अंधारात पहिला आवाज येतो तो कारण सांगणाऱ्याचा. “धाकट्यानेच काहीतरी केले असणार!” दुसरा म्हणतो, “नवा पंखा बसवला तेव्हाच मी सांगत होतो.” तिसऱ्याच्या मते दोष वीज कंपनीचा. एवढे होईपर्यंत फ्यूज काढून पाहायला कोणी उठलेले नसते, आणि शेजारच्या घरात दिवे आहेत की नाहीत हे पाहायला कोणी खिडकीशीही गेलेले नसते. कारण आधी आणि निरीक्षण मागाहून, अशी आपली रीत असते.

घरातल्या दिव्यांच्या बाबतीत ही रीत चालून जाते. परंतु १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून उडालेले प्रवासी विमान काही क्षणांतच कोसळले आणि २६० माणसे प्राणास मुकली, तेव्हाही आपण हेच केले. त्या संध्याकाळी भ्रमणध्वनीवर कारणांचा पाऊस पडत होता. कोणी पक्ष्यांना दोष दिला, कोणी इंधनाला, कोणी वैमानिकांना, तर कोणी विमान बांधणाऱ्यांना. त्या वेळी विमानाची नोंदयंत्रे अजून कोणी उघडूनही पाहिली नव्हती. त्या अपघाताच्या कारणाविषयी मी येथे एक शब्दही लिहिणार नाही, कारण तो माझा अधिकार नव्हे. मात्र विमानाच्या इंजिनाची शक्ती अचानक कमी झाली, तर तिचे कारण शोधायचे कसे, हे तुम्ही समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. म्हणून ज्याचा तपास पुरा झाला आहे अशा एका दुसऱ्या अपघाताची हकिगत तुम्हांला सांगतो. तिच्यातून आपल्या शाळांच्या प्रयोगशाळांविषयी मला जे म्हणायचे आहे, ते शेवटी म्हणेन.

गोष्ट आहे १७ जानेवारी २००८ ची. ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७७७ जातीचे विमान बीजिंगहून साडेदहा तासांचा प्रवास करून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरत होते. विमानात १५२ माणसे होती. प्रवास अगदी सुरळीत झाला होता. जमीन आता अवघी सातशे फूट खाली राहिली होती. विमानाचा वेग राखण्यासाठी स्वयंचलित यंत्रणेने दोन्ही इंजिनांकडे जास्त रेटा मागितला. इंजिनांनी क्षणभर ऐकले आणि मग उजव्या इंजिनाचा रेटा घसरला. सातच सेकंदांनी डाव्या इंजिनाचाही घसरला. इंजिने बंद पडली नव्हती, ती फिरत होती. पण विमान तोलून धरण्याइतका जोर त्यांच्यात उरला नव्हता.

जमिनीला टेकायला मिनिटभरही उरला नव्हता. सहवैमानिक जॉन कॉवर्ड यांच्या हाती विमानाचे सुकाणू होते. कप्तान पीटर बर्किल यांनी पंखांमागचे फ्लॅप थोडे आत घेतले, म्हणजे हवेचा अडथळा कमी होऊन विमान थोडे अधिक पुढे जाईल. एवढ्याने सुमारे ५० मीटरांचा लाभ झाला, असे पुढे हिशोबात दिसून आले. धावपट्टीच्या अलीकडे सुमारे ३३० मीटरांवर, विमानतळाच्या कुंपणाच्या आत, गवतावर ते विमान आदळले. विमानाची चाके मोडली, पंखांची पुष्कळ नासधूस झाली. पण आग लागली नाही, आणि १५२ पैकी एकही माणूस दगावला नाही. बोइंग ७७७ ची विमाने १९९५ पासून प्रवासी सेवेत होती. अपघातात निकामी झालेले त्या जातीचे हे पहिलेच विमान.

आता तपास करणाऱ्यांच्या जागी स्वतःला बसवा. दोन इंजिने आहेत. प्रत्येकाचा इंधनाचा मार्ग वेगळा, पंप वेगळे, नियंत्रण करणारे संगणकही वेगळे. एक बिघडले तरी दुसऱ्याने विमान नेऊन पोहोचवावे, ह्यासाठीच ही फारकत केलेली असते. अशी दोन स्वतंत्र इंजिने सात सेकंदांच्या अंतराने दुबळी कशी होतात? एका वर्गातली दोन मुले एकाच दिवशी पोटदुखीने घरी राहिली, तर आपण विचारतो, “काल दोघांनी मिळून काय खाल्ले होते?” तपास करणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारावा लागला. दोन्ही इंजिनांत समाईक असे काय होते?

संशयितांची यादी मोठी होती. पहिला संशय, इंधन संपले काय? नाही, टाक्यांमध्ये सुमारे साडेदहा हजार किलोग्रॅम इंधन शिल्लक होते. दुसरा, इंधन निकृष्ट होते काय? नमुने तपासले, ते प्रमाणित कसोट्यांना उतरले. तिसरा, पक्षी इंजिनात शिरले काय? तशी कोणतीही खूण मिळाली नाही. चौथा, हवेत बर्फ होऊन तो इंजिनांच्या तोंडाशी साचला काय? त्या दिवशीचे हवामान तसे नव्हते. पाचवा संशय वृत्तपत्रांनी फार रंगवला. त्याच सुमारास ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन मोटारींच्या ताफ्यासह विमानतळाकडे येत होते. ताफ्यातल्या एखाद्या रेडिओलहरी रोखणाऱ्या यंत्राने विमानाचे संगणक बिघडवले, अशी अफवा उठली. तिचीही तपासणी झाली आणि तीत तथ्य आढळले नाही. कप्तानाचे हातपाय गळाले, अशीही कुजबुज झाली. नोंदयंत्रातल्या नोंदींनी आणि त्या फ्लॅपच्या निर्णयाने तिचेही उत्तर दिले.

आणखी एक मोह होता. टाक्या उघडल्या तेव्हा त्यांत काही परक्या वस्तू सापडल्या. त्यांत प्लॅस्टिकची एक खरवडणी, चिकटपट्टीचा तुकडा आणि कागदाचा तुकडा अशा वस्तू होत्या. घाईत असलेला माणूस येथेच थांबला असता आणि “सापडला चोर!” म्हणून मोकळा झाला असता. तपास करणारे थांबले नाहीत. त्यांनी विचारले, ह्या वस्तूंमुळे दोन्ही इंजिनांचे इंधन सात सेकंदांच्या अंतराने अडू शकेल काय? आणि तसे झाले असते, तर नोंदींमध्ये काय दिसले असते? उत्तर जुळले नाही, म्हणून तो संशयही त्यांनी सोडून दिला. मित्रांनो, हाती आलेली वस्तू म्हणजे पुरावाच असे नसते. तिचा घटनेशी सांधा जुळावा लागतो.

मग हाती उरले काय? नोंदयंत्राने एक फार मोलाची गोष्ट सांगितली. रेटा कमी झाला त्या वेळी दोन्ही इंजिनांच्या संगणकांनी आपले काम चोख बजावले होते. इंधन सोडणारी झडप त्यांनी पुरती उघडली होती. म्हणजे मागणी होती, पुरवठा नव्हता. तुमच्या घरी नळ पूर्ण सोडला आणि तरी पाण्याची बारीक धारच आली, तर दोष नळाचा नसतो. एक तर गच्चीवरची टाकी रिकामी असते, नाही तर वाटेत कोठे तरी नळी तुंबलेली असते. टाकी रिकामी नव्हती हे ठाऊकच होते. तेव्हा वाटेत अडथळा होता, असे अनुमान निघाले.

दुसरा साक्षीदार मुका होता, पण खोटे बोलणारा नव्हता. इंधनाला मोठा दाब देणारे पंप खोलून पाहिले, तेव्हा दोन्ही इंजिनांच्या पंपांत धातूवर ताज्या खुणा आढळल्या. पंपाला पुरेसा द्रव मिळाला नाही, की त्याच्या तोंडाशी दाब फार उतरतो, द्रवात बाष्पाचे बुडबुडे होतात, आणि ते फुटताना धातूवर घाव घालतात. खुणा नेमक्या तशाच होत्या. म्हणजे अडथळा ह्या पंपांच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला होता. आता त्या वाटेवर अडथळा शोधायचा. शोधला, तर तेथे काहीच नव्हते! नळ्या मोकळ्या, गाळण्या मोकळ्या. दोन नळ्या तुंबवून, विमान पाडून, आरोपी नाहीसा झाला होता.

जो अडथळा आपणहून नाहीसा होतो, तो कोणता असेल? तुमच्यापैकी बहुतेकांनी उत्तर ओळखले असेल. तो म्हणजे बर्फ. पण ओळखणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे. येथून पुढची दोन वर्षे ह्या फरकाची आहेत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. येथे इंधन गोठले नव्हते. थंडीच्या दिवसांत सकाळी खोबरेल तेलाची बाटली घट्ट झालेली तुम्ही पाहिली आहे. विमानाचे इंधन हे रॉकेलाचेच भावंड, आणि तेही पुरेशा थंडीत मेणासारखे थिजू लागते. ह्या उड्डाणात वाट होती उरल पर्वत आणि स्कँडिनेव्हियाच्या बाजूने. तेथे बाहेरच्या हवेचे तापमान उणे ७६ अंश सेल्सियसपर्यंत उतरले होते. टाकीतले इंधन मात्र कमीत कमी उणे ३४ अंशांपर्यंतच थंड झाले. आणि ह्या विशिष्ट इंधनाचा थिजण्याचा बिंदू मोजला तेव्हा तो उणे ५७ अंश निघाला. तेव्हा खोबरेल तेलासारखा प्रकार येथे झाला नव्हता.

मग बर्फ कशाचा? पाण्याचा. इंधनात थोडे पाणी नेहमीच असते. काही विरघळलेले असते, काही अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात असते. हिवाळ्याच्या रात्री थंड झालेल्या हवेतले बाष्प जसे दव होऊन बाहेर पडते, तसे इंधन थंड होत गेले की त्यात विरघळलेले पाणी बाहेर पडते आणि त्याचे बर्फाचे कण होतात. ह्या विमानातल्या सुमारे ७९ हजार किलोग्रॅम इंधनात किती पाणी असेल, ह्याचा अंदाज काढला, तो भरला अवघा पाच लिटरांच्या आसपास. म्हणजे दहा लाख भागांत सत्तर भाग. हे प्रमाण नेहमीचेच, नियमांत बसणारे होते. रोज शेकडो विमाने एवढे पाणी घेऊन सुखरूप उतरत होती. मग ह्याच दिवशी असे काय घडले?

हे समजण्यासाठी आईला दूध गाळताना पाहा. तापवून निवलेले दूध पातेल्यातून हळूहळू ओतले, तर साय पातेल्याच्या कडेला चिकटून राहते आणि दूध गाळणीतून सरळ खाली जाते. पण पातेले एकदम तिरपे केले, की चिकटलेली सगळी साय एका झटक्यात सुटते, गाळणीवर येऊन बसते आणि दूध अडते. साय कालही तेवढीच होती. आज ती एकदम आली, एवढाच फरक.

विमानात गाळणीच्या जागी होते एक उष्णता-विनिमय यंत्र. इंजिनाचे तापलेले वंगणतेल थंड करायचे आणि गारठलेले इंधन ऊबदार करायचे, अशी दोन्ही कामे ते करते. इंधन हजाराहून अधिक बारीक नळ्यांमधून जाते आणि त्या नळ्यांभोवती गरम तेल खेळते. गंमत पाहा, इंधनातला बर्फ वितळवणे हे ह्याच यंत्राचे काम होते. परंतु ज्या बाजूने इंधन आत शिरते, तेथे नळ्यांची टोके पृष्ठभागाच्या किंचित पुढे आलेली होती. मऊ बर्फाचा लोंढा एकदम आला, तर वितळायच्या आत तो ह्या टोकांवरच साचून राहू शकत होता.

ही झाली उपपत्ती. ती ऐकायला सुंदर आहे. पण सुंदर असणे हा काही पुरावा नव्हे. म्हणून विमान बांधणाऱ्यांच्या चाचणीशाळेत इंधनाच्या नळ्या, पंप आणि यंत्रे मांडून प्रयोग सुरू झाले. इंधन थंड केले, त्यात पाणी सोडले, बर्फ कसा वागतो ते पाहिले. त्यातून एक नवी गोष्ट कळली. बर्फ सर्व तापमानांत सारखाच चिकट नसतो. इंधनाचे तापमान साधारण उणे ५ ते उणे २० अंशांच्या दरम्यान असले, तर बर्फ नळीच्या आतल्या बाजूला जास्त चिकटतो. इंधन मंद वाहत असले, की त्याचा थर वाढतो. प्रवाह जोराने वाढला, की थर सुटून पुढे जातो. आणि पुरेसा मऊ बर्फ एकदम आला, तर ते उष्णता-विनिमय यंत्र खरोखरच तुंबते, हेही प्रयोगात दिसले. प्रवाह अगदी कमी केला, की तोच बर्फ काही क्षणांत वितळतो, हेसुद्धा दिसले.

दुसरीकडे काही जण आकड्यांच्या ढिगात शिरले. बोइंग ७७७ च्या सुमारे १,७५,००० उड्डाणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. प्रश्न असा होता, की अपघात झालेल्या उड्डाणात असे काय होते, जे इतरांत नव्हते? एकेकटी गोष्ट पाहिली, तर काहीच जगावेगळे नव्हते. इतकेच काय, ह्याहून गार इंधन घेऊन विमाने सुखाने उतरली होती. परंतु लांबच्या प्रवासात इंधनाचा प्रवाह कमी, उतरताना इंधन अजून गार, आणि त्याच वेळी इंधनाची मागणी एकदम जास्त, ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आलेले उड्डाण त्या सगळ्या ढिगात हे एकच निघाले. पातेल्यात साय साचली होती आणि पातेले एकदम तिरपे झाले होते.

तपास चालू असतानाच, २६ नोव्हेंबर २००८ रोजी निसर्गाने जणू स्वतःच प्रयोग करून दाखवला. शांघायहून अटलांटाला निघालेल्या डेल्टा एअरलाइन्सच्या बोइंग ७७७ मध्ये, त्याच जातीच्या इंजिनांपैकी एकाचा रेटा अमेरिकेतील माँटाना राज्यावरून जाताना घसरला. विमान उंचावर होते, हाताशी वेळ होता. पहिल्या अपघातानंतर वैमानिकांना नवी सूचना दिलेली होती, की असे झाल्यास इंधन वाढवू नका, उलट थोडा वेळ कमी करा. त्यांनी तसे केले. अडथळा वितळला, इंजिन पूर्ववत झाले आणि विमान अटलांटाला सुखरूप उतरले. जे कारण कागदावर मांडले होते, त्यावरून काढलेला उपाय आकाशात लागू पडला. उपपत्तीची ह्याहून चांगली कसोटी कोणती?

येथे तुम्हांला एक जुनी घटना आठवण करून देतो, म्हणजे ह्या तपासातली अडचण नीट ध्यानात येईल. २४ जून १९८२ रोजी ब्रिटिश एअरवेजचेच एक जंबो जेट लंडनहून मुंबईमार्गे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडकडे निघाले असता, इंडोनेशियावरून रात्री जाताना त्याची चारही इंजिने बंद पडली. विमान सुमारे ३७,००० फुटांवरून १३,००० फुटांच्या आसपास घसरत आले आणि मग इंजिने पुन्हा सुरू झाली. जमिनीवर उतरल्यावर कारण डोळ्यांसमोरच होते. काचा खरवडून धुरकट झाल्या होत्या आणि इंजिनांत राख सापडली. गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेच्या ढगातून विमान गेले होते. त्या आरोपीने आपली राख मागे ठेवली होती. हीथ्रोच्या आरोपीने थेंबभर पाण्याखेरीज काही ठेवले नाही, आणि थेंबभर पाणी तर सर्वच इंधनात असते!

म्हणूनच ९ फेब्रुवारी २०१० रोजी, म्हणजे अपघातानंतर दोन वर्षांनी, जो अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला, त्यातला एक छोटा शब्द मला फार मोठा वाटतो. बर्फ इंधनव्यवस्थेत ‘बहुधा’ तयार झाला असावा, असे तेथे म्हटले आहे. दोन वर्षांचे श्रम, लाखावर उड्डाणांच्या नोंदी, मोठाल्या चाचण्या, एवढे सगळे करून ‘बहुधा’! दहा तासांचे ते उड्डाण प्रयोगशाळेत जसेच्या तसे घडवता येत नव्हते आणि तो बर्फ कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता, म्हणून जेवढे दिसले तेवढेच त्यांनी लिहिले. आणि आणखी एक कबुली दिली. विमानाला उड्डाणाचा परवाना देताना ज्या कसोट्या लावतात, त्यांत ह्या धोक्याचा विचारच नव्हता, कारण हा धोका तोवर कोणाला ठाऊकच नव्हता.

कोणी म्हणेल, “दोन वर्षे वाट पाहायची? मधल्या काळात विमाने उडतच होती ना?” हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तरही ह्याच तपासात आहे. शंभर टक्के खात्री होईपर्यंत हातावर हात ठेवून कोणी बसले नव्हते. सप्टेंबर २००८ मध्येच अंतरिम अहवाल निघाला, वैमानिकांना सूचना गेल्या. मार्च २००९ मध्ये त्या उष्णता-विनिमय यंत्राची रचना बदलण्याची शिफारस झाली. पुढे आलेली टोके काढून सपाट पृष्ठभाग असलेले नवे यंत्र बनले आणि ते विमानांवर बसवले गेले. जेवढे कळले तेवढ्यावर कृती केली. जे कळले नाही ते कळले आहे असे भासवले नाही. ह्या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हेच आपण विसरतो.

मात्र ते शक्य झाले ते एका नियमामुळे. विमान अपघातांच्या तपासाचे जगभर मान्य असलेले तत्त्व असे, की तपास दोषी ठरवण्यासाठी नसतो, पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो. कोणाच्या माथी खापर फोडायचे हा प्रश्न ह्या टेबलावर येतच नाही. खापर फोडायला माणूस सापडला, की शोध संपतो. कप्तानालाच दोष देऊन फाइल बंद केली असती, तर पुढे आलेली ती टोके शेकडो विमानांत तशीच राहिली असती.

आता शाळेकडे वळतो. मी आठवी-नववीत असताना ओहमच्या नियमाचा प्रयोग केला होता. विभवांतर आणि विद्युतप्रवाह ह्यांची सहा वाचने घेतली. आलेखावर पाच बिंदू सरळ रेषेत आले, सहावा बाजूला पडला. मी काय केले असेल? खोडरबर घेतले, सहावा बिंदू पुसला आणि रेषेवर आणून बसवला. दहापैकी दहा गुण मिळाले. काही दिवसांनी दुसऱ्या गटाला तेच उपकरण मिळाले आणि त्यांची वाचने मुळीच जमेनात. शिक्षकांनी खोलून पाहिले, तर एका टोकाचा स्क्रू सैल होता. तो स्क्रू माझ्या सहाव्या बिंदूने मला आधीच दाखवला होता. मी पुरावा पुसला होता, आणि तो बर्फासारखा आपोआप वितळलाही नव्हता. मी तो हाताने पुसला होता.

तुमच्यापैकी किती जणांनी असा एखादा बिंदू पुसला आहे? हात वर करू नका. मनातल्या मनात मोजा. गेल्या वर्षीच्या मुलांच्या प्रयोगवहीतून वाचने उतरवून घेणे, उत्तर आधी लिहून मग त्याला जुळणारी वाचने तयार करणे, हे किती शाळांत घडते, ते तुम्हांला ठाऊक आहे, मलाही आहे. आपण त्याला लबाडी म्हणत नाही, ‘प्रयोग पूर्ण करणे’ म्हणतो. माझे म्हणणे असे, की ह्या सवयीचेच मोठे रूप म्हणजे अपघाताच्या संध्याकाळी कारण सांगून मोकळे होणे. उत्तर आधी, पुरावा मागाहून. जो मुलगा सहावा बिंदू पुसायला शिकतो, तो मोठा झाल्यावर एखाद्या कारखान्यात, रुग्णालयात किंवा विमानांच्या दुरुस्तीच्या आवारातही बिंदू पुसेल. तेथे सैल स्क्रूची किंमत दहा गुण नसते.

गुरुजनांना माझी एक विनंती आहे. अभ्यासक्रम मोठा, वर्गात साठ मुले, प्रयोगशाळेत उपकरणे मोजकी आणि परीक्षा दाराशी उभी, हे सारे मी जाणतो. तरी एवढे करून पाहा. प्रयोगाच्या दहा गुणांतले दोन गुण उत्तरासाठी न ठेवता, न जुळलेल्या वाचनासाठी ठेवा. ज्याने ते प्रामाणिकपणे लिहिले आणि ‘असे का झाले असावे’ ह्याची दोन कारणे देऊन त्यांतले एक तरी तपासून पाहिले, त्याला ते दोन गुण द्या. प्रयोगवहीत ‘निष्कर्ष’ ह्या मथळ्याखाली ‘अजून सांगता येत नाही’ असे लिहिण्याची मुभा द्या. मात्र त्याच्याखाली ‘ते सांगता येण्यासाठी आणखी काय करावे लागेल’ हे लिहिण्याची सक्तीही करा. नुसते ‘माहीत नाही’ म्हणणे हा आळस असू शकतो. ‘माहीत नाही, पण अशा रीतीने शोधता येईल’ म्हणणे हे विज्ञान होय.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला सांगतो ते अगदी सोपे आहे. पुढच्या वेळी घरातले दिवे गेले, की तोंड उघडण्याआधी खिडकीशी जा आणि शेजारच्या घरात उजेड आहे का ते पाहा. असेल, तर दोष आपल्या घरात आहे. नसेल, तर बाहेर. एका निरीक्षणात निम्मे संशयित गळाले! मग फ्यूजकडे वळा. धाकट्या भावाची चौकशी सर्वांत शेवटी करा. आणि प्रयोगाच्या तासाला तुमचा सहावा बिंदू रेषेबाहेर पडला, तर खोडरबर दप्तरातच राहू द्या. त्या बिंदूभोवती एक बारीक वर्तुळ काढा आणि स्क्रू आवळून पुन्हा वाचन घ्या.